उपासाला चालणारं द्राक्षासव

“पह्यले गोड लागलं पाह्यजे. मंग घशात जरा जळलं पाह्यजे. अन् मंग, थोड्या वखतानं, नाकात लवंग आली पाह्यजे. तिन्ही नसन त आणू नको, सुनबाई. अन् कोणाच्या सांगण्यावर जाऊ नको. सोता चाखून पाह्य.”

सासूबाईंचा तो आवाज माझ्या कानात अजून जसाच्या तसा आहे. खाटेवर भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून त्या बोलत होत्या. हिवताप गेला, पण जाताना त्यांची भूक घेऊन गेला. पेजेपलीकडे काही पोटात जात नव्हतं. मी घास पुढे केला की त्या माझ्याकडे अशा बघत, की जणू मीच त्यांच्याकडे काही मागते आहे. गळ्यातली तुळशीची माळ हाडांवर वाजायची. डॉक्टर म्हणाले, “पोटात अन्न गेलं नाही तर माझं औषध एकटं काय करणार?” असं म्हणून त्यांनी बॅग मिटली, आणि ती मिटण्याचा आवाज मला काही चांगला वाटला नाही.

तेव्हा सासूबाईंना द्राक्षासव आठवलं. पहिल्या बाळंतपणात, उमरखेडकडच्या माहेरी, कुणा वैद्यानं दिलं होतं. “दुसऱ्या दिवशी अख्खी भाकर खाल्ली होती मी. ठेच्यासंगं.” वैद्याचं नाव आठवेना, गाव आठवेना. आठवत होती ती फक्त चव.

आता चाखणारी कोण, तर मी. आम्ही तेव्हा पुसदला होतो. माझा आवाज इतका बारीक, की दूधवाल्याला “आज शेरभरच” म्हटलं तरी तो दीड शेर ओतून जायचा. सकाळी तुळशीला प्रदक्षिणा, मग पोथी, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमचे हे म्हणत, “तुझ्या जेवणाचे वार तेवढे सांगत जा, लक्षात ठेवायला सोपे जातील.” अशा बाईवर आसवाची पारख करण्याची पाळी आली.

दारूबंदी आमच्या भागात नवी नवी लागू झाली होती. हे पोस्टात होते, म्हणजे नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं तर आधी नियमालाच विचारणारे. त्यांनी दारूबंदीच्या कचेरीत जाऊन विचारलं, की आईसाठी द्राक्षासव आणायचं आहे, चालेल ना? तिथल्या कारकुनानं बराच वेळ पेन्सिल कानातून काढली आणि पुन्हा घातली. म्हणाला, “आसव म्हंजे दारू का औषध, हे वरून आजून आलं नाही. पण परवाना काढून ठेवा. बरं राहील. पेशंट व्यसनी आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते.”

“माझी आई व्यसनी?”

“तसं लिहावं लागते, साहेब. मंग भेटते.”

घरी येऊन ह्यांनी टोपी खुंटीला अडकवली, ती दोनदा खाली पडली. आयुष्यभर सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या बाईला सरकारदरबारी व्यसनी ठरवायचं. परवान्याचा विषय तिथेच संपला. “गुपचूप आण,” ह्यांनी मला सांगितलं. नियमाला विचारून आलेल्या माणसाच्या तोंडी ‘गुपचूप’ हा शब्द मी प्रथमच ऐकला.

पहिला प्रयोग गावातच झाला. नागोराव वैद्यांच्या ओसरीवर एक बाक, धन्वंतरीची तसबीर आणि तिच्याखाली बरण्या. त्यांनी चव घ्यायला माझ्या तळहातावर आसव घातलं. आता कुणी उजव्या तळहातावर काही ओलं घातलं, की माझं मन कुठेही असलं तरी हात आपोआप तीर्थ घेतो. खाली डावा हात, पदराचं टोक मधे, एकदा, दोनदा, तीनदा. मग ओला तळवा डोळ्यांना आणि तिथून डोक्यावर. मी पहिला घोट घेऊन हात तसाच पुढे ठेवला. वैद्यांना वाटलं, बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी पुन्हा घातलं. मी पुन्हा हात पुढे केला. तिसऱ्यांदा घालताना त्यांनी माझ्याकडे जरा वाकून बघितलं.

ते नुसतं गोड होतं. शेवटपर्यंत गोड. लवंग सोडाच, घशाला आपण काही प्यायलो याची वर्दीही गेली नाही. म्हणजे उमरखेडकडे जाणं आलं.

योगायोगानं आमच्या शेजारच्या अकीलाबाई, इकबाल मिस्त्रींच्या घरच्या, बहिणीला भेटायला उमरखेडला निघाल्या होत्या. “चलो ना संगं,” त्या म्हणाल्या. “मेरेकू बी सोबत होती.” पण निघायचा दिवस सोमवार. आणि सोमवारी मी संध्याकाळच्या पूजेपर्यंत फराळाखेरीज काही घेत नाही. मग चाखायचं कसं?

उपासाच्या बाबतीत आमच्या आळीतलं शेवटचं न्यायालय म्हणजे कौसल्याकाकू. शिंगाडा कुठल्या उपासाला चालतो आणि कुठल्याला नाही, यावर त्यांच्याकडे अमरावतीहून लोक विचारायला येत, असं त्याच सांगत. मी शंका मांडली. त्यांनी तांदूळ निवडायचं थांबवलं.

“आसवात काय राह्यते?”

“मनुका.”

“चालते.”

“मध.”

“देवाच्या अभिषेकाले लागते. चालते.”

“लवंग, विलायची, दालचिनी.”

“चालते, चालते. दालचिनीचं मी कोणाले सांगत नाही, पण चालते.”

“आणि धायटीची फुलं.”

“फूल त आपण देवालेच वाहतो न. मंग काहून नाही चालणार?” त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. “साबुदाण्याहून शुद्ध हाये, सत्यभामा. बिनघोर घे.”

ही फुलं, मनुका आणि मध बंद बरणीत महिनाभर एकमेकांच्या संगतीत राहिल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न आम्हा दोघींपैकी कुणालाच पडला नाही. आम्ही पदार्थ तपासले होते. एकेक पदार्थ निर्दोष होता.

सोमवारी पहाटे पूजा करून, रिकाम्या पोटी, एक स्वच्छ धुतलेली बाटली पिशवीत घालून मी एस.टी.त बसले. महागावला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात तिथल्या धावजी नावाच्या औषधवाल्यांकडे जायचं ठरलं, कारण स्टँडवरच्या पानवाल्यानं त्यांच्या औषधाची फार तारीफ केली. बाजाराच्या कडेला एक टिनाची शेड, आत अर्धे जमिनीत पुरलेले रांजण. धावजी स्वतः रांजणांसारखेच, अर्धे जमिनीत असल्यासारखे बसले होते. आसव कशाचं म्हणून विचारलं, तर “सगळ्याचं” म्हणाले.

पळीनं तळहातावर घातलं. मी तीर्थ घेतलं. गोडाचा पत्ता नव्हता. थेट जळलं, आणि जळतच खाली गेलं, वाटेत कुठे न थांबता. मी दुसऱ्यांदा हात केला. तिसऱ्यांदा केला. अकीलाबाई दारात उभ्या राहून बुरख्याचं टोक नाकाला लावून बघत होत्या.

“भाबी, ये दवा है ना?”

“द्राक्षांची आहे. उपासाला चालते.”

“मेरेकू तो शादी के बैंडवाले याद आ रये.”

मी हसले. मला आठवतं, मी जरा जास्तच वेळ हसले. अंगात एक ऊब आली होती. बाहेर थंडी असूनही कपाळाला घाम आला, आणि हे उपासाचं तेज असावं असं मला मनापासून वाटलं. ही चव सासूबाईंची नव्हे, असं धावजींना नम्रपणे सांगून मी निघाले. निघताना बाटली मी बाकावर ठेवली. बाक तिथे नव्हता, हातभर पलीकडे होता.

काचा वेचायला मी खाली बसले, तर अकीलाबाईंनी दंडाला धरून उठवलं आणि गाडीत नेऊन बसवलं. त्या गाडीचा आवाज मला इतका गोड कधीच वाटला नव्हता.

उमरखेडला त्यांच्या बहिणीच्या नवऱ्यानं रामलाल वैद्यांचं घर दाखवलं. पांढऱ्या दाढीचे, सुरकुतलेले, फार हौशी गृहस्थ. वडिलांपासूनचा धंदा. आतल्या खोलीत साळीच्या तुसात गळ्यापर्यंत पुरलेल्या बरण्या, त्यांच्या तोंडांना मातीनं लिंपलेलं कापड बांधलेलं, आणि समोर पाहुण्यांना बसायला पाट. मी सासूबाईंची तिन्ही लक्षणं सांगितली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“आता असं कोणी इचारतच नाही, माय. लोकं येतात, बाटली मागतात, जातात. चव कोणाले पाह्यजे? अन् वरून ते दारूबंदीचं खातं. म्हणते, रामलालजी, बरणीत काय चाललं हाये ते लिहून द्या. आता बरणीत काय चाललं हाये हे बरणीले तरी माहीत हाये का?”

त्यांनी पहिल्या बरणीचं कापड सोडलं. “हे गेल्या दिवाळीचं.” मी तीन वेळा घेतलं. गोड. दुसरी बरणी. “हे त्याच्या आधीचं.” तीन वेळा. गोड, आणि घशात जळलं. मी तळवा डोक्यावर फिरवला. आतापर्यंत माझ्या केसांना इतकं आसव लागलं होतं, की वेणी वेगळी बरणीत घालता आली असती. तिसरी बरणी कोपऱ्यात होती. “अन् हे माह्या बाच्या हातचं.”

गोड लागलं. जळलं. मग मी डोळे मिटून वाट बघत बसले. रामलालजी पळी धरून माझ्या नाकाकडे बघत होते. अकीलाबाईसुद्धा बुरख्याचं टोक खाली घेऊन बघू लागल्या. आणि मग, हळूच, कुठून तरी मागच्या दारानं यावी तशी, लवंग आली.

मला रडू कोसळलं. मी रामलालजींच्या पाया पडले, ते ठीकच, वडीलधारे होते. मग मी बरणीच्या पाया पडले. मग उरलेल्या दोन बरण्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याही पडले.

बाटलीचा प्रश्न निघाला. माझी महागावच्या बाकानं घेतली होती. रामलालजींनी सगळं घर धुंडाळून एक आणली. चांगली जाड काचेची, घट्ट बुचाची, दारूबंदीच्या आधी कुणा ठेकेदारानं ठेवलेली. तिच्यावर सोनेरी घोड्याचं चित्र होतं, आणि घोड्याखाली इंग्रजी अक्षरं.

अकीलाबाई म्हणाल्या, “बाबा, ये तो इंग्लिश की है.”

“औषध आतमंदी हाये, बेटी. घोडा बाहेर हाये. त्याचा कायले इचार करता?”

मला त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून वाटलं. त्या वेळी मला सगळंच शास्त्राला धरून वाटत होतं.

परतीच्या गाडीत काय झालं ते मला आठवत नाही. अकीलाबाईंना सगळं आठवतं, आणि त्या सत्यवचनी आहेत. मी महादेवाची आरती म्हटली, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. कंडक्टरनं “बाई, बसा” म्हटल्यावर त्याला बसायला जागा करून दिली. गाडीभर लोकांना सांगितलं, की आमचे हे झोपेत पत्त्यांची गावं वाचतात, आणि कौसल्याकाकू दालचिनीचं कुणाला सांगत नाहीत. इतकी वर्षं माझ्या तोंडून न निघालेला आवाज त्या एका दुपारी सगळा निघाला. गाडीत पुसदचे बरेच लोक होते. बाजाराचा दिवस होता.

पुसदच्या अलीकडे नाक्यावर दारूबंदीचा शिपाई गाडीत चढला. श्रावण त्याचं नाव. आमच्याच भागातला, सरळ माणूस, चेहरा कायम दमलेला. तो पिशव्या चाचपत आला आणि माझ्याजवळ थांबला. आधी त्याला माझ्या केसांचा वास आला. मग पिशवीतून घोडा बाहेर आला.

“बाई,” तो इतक्या हळू म्हणाला, की त्यालाच माझी लाज वाटते आहे हे मला कळलं. “तुमी त पोस्टमास्तरच्या घरच्या न?”

घोडा त्याच्या हातात गेलेला बघितला आणि माझ्या डोक्यातलं सगळं एकदम खाली बसलं. गाडी दिसली, लोक दिसले, खांद्यावरून घसरलेला पदर दिसला. मी तो ओढून घेतला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा बारीक झाला.

“सासूबाई जेवत नाहीत,” एवढंच बोलले.

“माय, बाटलीवर घोडा हाये.”

“आत द्राक्षासव आहे. एकदा बघा. आधी गोड लागतं, मग जळतं, मग लवंग येते.”

“डूटीवर चाखता येत नाही.” त्यानं बूच काढून वास मात्र घेतला. बराच वेळ घेतला. “लवंग हाये खरी.”

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मागून कुणी म्हणालं, “पकडून ने न बाईले, आरती तरी बंद होईन.” लोक हसले. अकीलाबाई मागे वळून कडाडल्या, “चुप बैठो जी. तुम्हारी अम्मा को ऐसी बहू मिलनी थी क्या?” हसणं थांबलं. माझी मान मात्र वर होईना.

श्रावण बाटली घेऊन खाली उतरला, दोन पावलं गेला, परत आला. “मी मानतो हे औषध हाये. साहेब मानन का नाही, माहीत नाही. घोडा पाह्यला की ते आत पाहत नाहीत.” तो घुटमळला. “एक हाये. शनवारी गांधी चौकात आमची दारूबंदीची सभा हाये. साहेब दरखेपी म्हणते, दारूचा अनुभव आलेली एखादी बाई बोलाले आणा. बायका कोणाचं ऐकत नाहीत, अनुभव आलेलीचं ऐकन. आता असी बाई मी कुठून आणू? कोणी येत नाही. तुमी बोलसान का?”

“काय बोलू?”

“जे झालं ते. फकस्त जरा मोठ्यानं.”

माझ्या डोळ्यांसमोर सासूबाईंच्या गळ्यातली माळ आली. मी म्हटलं, “बोलेन. महादेवाची आण.” त्यानं बूच दाबून बसवलं आणि घोडा माझ्या मांडीवर ठेवला.

घरी मी बाटलीतलं चमचाभर वाटीत काढलं. सासूबाईंनी ते तोंडात धरलं. गिळलं. डोळे मिटून पडून राहिल्या. मी आणि हे खाटेशी उभे. किती वेळ गेला, कोण जाणे. मग त्यांचं नाक जरा हललं.

“भाकर हाये का?” त्यांनी विचारलं.

ह्यांनी घाईत देवघरातलाच दिवा उचलून स्वयंपाकघराकडे धाव घेतली. अर्धी भाकर गेली. ठेचा मागितला, तो मी दिला नाही, तर माझ्यावर चिडल्या. चिडलेल्या सासूबाई बघून मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या डोक्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, “मी चाखून पाह्य म्हटलं होतं, सुनबाई. न्हाऊन ये नाही म्हटलं.”

त्या दिवसापासून सासूबाई उठत गेल्या आणि मी बसत गेले. शिकेकाईनं केस धुतले, पुन्हा धुतले, तरी वास माझ्या मनातून जाईना. दूधवाला आता मी काही न बोलताच बरोबर शेरभर ओतायचा, आणि ओतताना खाली बघून हसायचा. महादेवाच्या देवळात पुजाऱ्यांनी मला तीर्थ एकदाच दिलं आणि पळी पुढच्या बाईकडे नेली. माझा हात तसाच राहिला. कौसल्याकाकू मुद्दाम येऊन निकाल बदलून गेल्या. “मी म्हटलं, चालते. तिनदा तिनदा चालते असं मी कधी म्हटलं? अन् ते दालचिनीचं गाडीत सांगायची काय गरज होती?” सोमवार मोडला म्हणून मी पुढचे दोन दिवस निर्जळी धरले. त्यानं बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

आणि शनिवार जवळ येत होता.

“जाऊ नको,” हे म्हणाले. “शुद्धीत नसताना दिलेला शब्द. पत्ता चुकलेलं पत्र आम्हीसुद्धा परत पाठवतो.”

“ताप आहे म्हण,” कौसल्याकाकू म्हणाल्या. “मी सांगतो न श्रावणले. माह्या सांगण्यावर त्याचा भरोसा हाये.”

अकीलाबाई म्हणाल्या, “मत जाओ भाबी. लोगां भूल जाते. गाय का बछड़ा गुम गया तो तुम्हारी बात पुरानी.”

सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते. मला जायचं नव्हतंच. चार बायकांत हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा तर मी पदराआडच पुटपुटते, आणि इथे भर चौकात, भोंग्यातून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. रात्रंदिवस एकच विचार. मग मला वाटलं, मी आजवर इतके नवस बोलले, त्यांतला एक तरी शुद्धीत बोलले होते का? मुलगा लहानपणी गोवरानं तापला तेव्हा, ह्यांची बदली अडली तेव्हा, भीतीनं डोकं ठिकाणावर नसतानाच तर माणूस देवाला शब्द देतो. तरी ते सगळे नवस मी फेडले. मग श्रावणला दिलेला शब्दच तेवढा शुद्धीच्या नावावर कसा बुडवायचा? त्यानं घोडा परत दिला होता.

शनिवारी दुपारी मारुतीला तेल वाहून आले. सासूबाई चुलीपाशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. आपल्याच हातानं, आपल्याला हव्या तेवढ्या पाकळ्या. मी त्यांच्याजवळ पाण्याचा गडू ठेवला. त्यांनी माझ्या नेसलेल्या चांगल्या लुगड्याकडे बघितलं, सोललेली पाकळी ताटलीत टाकली आणि दुसरी घेतली.

हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. पान उलटत नव्हतं. मी मागच्या दारानं निघाले.

चौकाकडून भोंग्याची घरघर येत होती. कुणी तरी फुंकर मारून बघितली, मग श्रावणचा दमलेला आवाज सगळ्या गावावरून गेला, की माता-भगिनींनी पुढं येऊन बसावं, आज एक अनुभवी भगिनी दोन शब्द बोलणार आहेत. देवळाच्या ओट्यावरच्या बायका उठून त्या बाजूला निघालेल्या दिसल्या. मी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि त्यांच्या मागून चालू लागले.